पाऊण तासाचे कूळ

माझ्या आयुष्याची चौतीस वर्षे तहसील कचेरीत, आणि त्यांतली बरीचशी कूळकायद्याच्या टेबलापाशी गेली, एवढे सांगितले म्हणजे माझ्या हातून पुढे जो अपराध घडला त्याचे अर्धेअधिक कारण सुज्ञ वाचकांच्या ध्यानात येईल. २००६ साली अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त होऊन मी साताऱ्याकडचे बिऱ्हाड मोडले आणि पुण्यास, कोथरुडात, मुलाकडे येऊन राहिलो. तेव्हापासून दप्तराचा तो कुबट, परिचित वास नाकाला पारखा झाला होता, आणि ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी राखल्या त्याला एका आरामखुर्चीच्या हद्दीत बसून राहणे किती जड जाते, हे महसूल खात्याबाहेरच्या माणसास सांगून समजायचे नाही. अशा स्थितीत एके सकाळी सूनबाई हिंजवडीस निघता निघता, पायांत चपला सरकवीत म्हणाल्या, "आबा, मुलांच्या कॉम्प्युटरचं तेवढं तुम्ही बघा ना. शाळेतून आली की चिकटतात ती चिकटतातच." त्यांनी ते सहज म्हटले. मी ते मुखत्यारपत्र समजलो.

कोणत्याही प्रकरणात आदेश काढण्यापूर्वी पूर्वीचे दाखले पाहावेत, हा कचेरीचा शिरस्ता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या बालकांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा एक तासाची ठरविली होती; पण आमचे नातू बारा वर्षांचे आणि नात नऊ वर्षांची, तेव्हा तो दाखला गैरलागू. चीन सरकारने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना संगणकीय खेळ खेळण्यास शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीचे दिवस, रात्री आठ ते नऊ, एवढीच मोकळीक ठेवली, हे वाचून क्षणभर ऊर भरून आला. परंतु त्या सरकारच्या पाठीशी अफाट यंत्रणा, आणि माझ्या पाठीशी केवळ सौभाग्यवती, त्याही वेळप्रसंगी नातवंडांना फितूर होणाऱ्या. मनास खरा पटला तो आपल्याच मुलखातला दाखला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, आणि तेथून साडेआठपर्यंत घरोघरचे दूरदर्शन आणि मोबाइल बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात आणि मोठी माणसे, बहुधा नाइलाजाने, एकमेकांशी बोलतात. अख्खे गाव जर एका भोंग्याने वठणीवर येते, तर तीन खोल्यांचे बिऱ्हाड का येऊ नये?

हुकूमनामा तयार झाला. दिवाणखान्यातील संगणक, चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस भिंत, पश्चिमेस सोफा, उत्तरेस पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, दक्षिणेस चपलांचे कपाट. याचा एकंदर उपभोग्य काळ सायंकाळी साडेपाच ते सात. पैकी सव्वासहापर्यंतची पाऊण तासाची पट्टी नातवाच्या नावे, पुढची पाऊण तासाची नातीच्या नावे, आणि सात ते साडेआठ संपूर्ण बंद. दोनशेपानी वहीत रेघा मारून मी सातबाराचा नमुना आखला: वरती गाव नमुना सातप्रमाणे भोगवटादाराचे नाव, खाली बाराप्रमाणे तारीख, पीक (म्हणजे कोणता खेळ अथवा उद्योग), 'करणाराचे नाव' आणि 'रीत'. हे सर्व करताना हाताला जी लय आली ती अठरा वर्षांत आली नव्हती. भोंगा म्हणून स्वयंपाकघरातल्या कुकरची तिसरी शिट्टी मुक्रर केली.

पहिला आठवडा निर्वेध गेला. दुसऱ्या आठवड्यात भात गिचका होऊ लागला. रोज गिचका होऊ लागला तेव्हा चौकशी केली, त्यात असे निष्पन्न झाले की नातवाने आजीस मधाचे बोट लावून दुसऱ्या शिट्टीनंतर गॅस बारीक करविण्याची तजवीज केली होती, त्यामुळे तिसरी शिट्टी कधी सव्वासातला होई, तर कधी होतच नसे. पूर्वीचे बाप बाहेरून आल्याबरोबर दूरदर्शन संचाच्या पाठीवर हात ठेवून गुन्ह्याची शहानिशा करीत. ती विद्या मी संगणकाच्या पेटीवर चालविली, तर पेटी गारेगार, कारण तिच्याकडे तोंड करून टेबलपंखा लावलेला! शेवटी एका रात्री मी इंटरनेटच्या डबीची पिनच उपटून खिशात घातली आणि विजयी मुद्रेने दिवाणखान्यात आलो, तो पडद्यावर एक काळा डायनासोर निवडुंगांवरून टणाटण उड्या मारीत धावत होता. इंटरनेट नसल्यावर माणसास करमावे म्हणून क्रोम ब्राउझरात ही सोय २०१४ सालापासूनच केलेली आहे, ही माहिती मला नातवाने, नजर न हलविता, दिली. जप्तीला गेलेल्या बेलिफास कर्जदाराच्या घरी जेवणाची पंगत उठताना दिसावी, तसे मला झाले.

पण खरे प्रकरण याहून गहन होते, आणि त्याला मीच जबाबदार होतो. आमच्या नातीस त्या वेळी संगणकाची फारशी गोडी नव्हती. ती कागदावर मोर काढी. म्हणून तिने आपली पाऊण तासाची पट्टी दादाला खंडाने दिली. खंड असा: रोज तिची पाण्याची बाटली त्याने भरायची, रविवारी आपल्या वाटणीच्या शिऱ्यातले काजू तिला काढून द्यायचे, आणि सतराचा पाढा पाठ होईपर्यंत तिचा दप्तरवाहक व्हायचे. हा व्यवहार मला ठाऊक होता. नुसता ठाऊक नव्हे, तर वहिवाट दिसेल तशी नोंदवावी या व्रतास जागून मी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, न चुकता, तिच्या पट्टीपुढे करणाराचे नाव 'नातू' आणि रीत 'खंडाने' असे माझ्या वळणदार अक्षरात लिहीत गेलो होतो.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या, आणि कुणा मैत्रिणीने नातीस संगणकावर मोर काढून, तो वाटेल त्या रंगाने रंगवून दाखविला. तिने दादास पट्टी सोडण्यास सांगितले. दादाने नकार दिला. दोघे माझ्यापुढे उभे राहिले.

"आबा, कसेल त्याची जमीन," नातू शांतपणे म्हणाला, आणि माझीच वही माझ्यापुढे उघडून त्याने पाच महिन्यांच्या नोंदींवरून बोट फिरविले.

आता हे त्याला शिकविले कोणी? मीच. रात्री गोष्ट सांगा म्हणून तो मागे लागे तेव्हा राजाराणीच्या गोष्टी मला सुचेनात, म्हणून मी त्याला घरातली गोष्ट सांगितली होती: मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा, पण त्याचा खरा बार उडाला १ एप्रिल १९५७ रोजी, ज्या दिवशी जमीन कसणारी कुळे कायद्याने तिची खरेदीदार मानली गेली. त्या दिवशी माझ्या वडिलांचे ओढ्याकाठचे साडेतीन एकर गेले. मी तेव्हा नऊ वर्षांचा. वडील अंगणात बसून एवढेच म्हणाले होते, की कष्ट त्याचे होते, त्याला मिळाली हे बरे झाले. आणि मग त्या रात्री जेवले नव्हते. पुढे त्याच कायद्याच्या टेबलावर बसून मी शेकडो कुळांची नावे लावली, आणि प्रत्येक नाव लावताना वडिलांच्या या दोन्ही गोष्टी मला आठवत असत. तेव्हा कसणाऱ्याच्या विरुद्ध निकाल देणे मला जन्माच्या शिस्तीने अशक्य होते, आणि समोर नातीचे डोळे भरून आले होते.

मी 'पुढील तारीख' म्हणणार, इतक्यात स्वयंपाकघरातून सौभाग्यवती पदराला हात पुशीत आल्या. "माझ्या आत्याची जमीन नव्हती गेली तेव्हा," त्या म्हणाल्या. "ती विधवा होती म्हणून थांबलं होतं सगळं. विधवा आणि लहान मुलं, यांना सवलत होती की नाही? तुम्ही तर त्याच टेबलावर होतात!"

होती. कलम ३२-फ. जमीनमालक विधवा असेल किंवा अज्ञान असेल, तर कुळाचा खरेदीचा हक्क लांबणीवर पडतो. अज्ञानाच्या बाबतीत, तो सज्ञान होईपर्यंत आणि त्यापुढेही काही मुदत. चौतीस वर्षे जे कलम मला तोंडपाठ होते ते मी विसरलो, आणि ज्या बाईने जन्मात एक नोटीस वाचली नाही तिला ते पाणी भरताना आठवले. (आमच्या संसारातल्या बहुतेक वादांचा निकाल याच पद्धतीने लागलेला आहे, असो.) मी तत्काळ निर्णय दिला की भोगवटादार नात ही अज्ञान असल्याने पट्टीचा ताबा तिजकडे परत जावा.

"अज्ञान म्हणजे?" नातीने संशयाने विचारले.

"अठरा वर्षांच्या आतल्या माणसाला कायदा अज्ञान म्हणतो."

"मी अज्ञान नाहीये," ती म्हणाली, आणि जिंकलेल्या पक्षकाराने कोर्टाच्या भाषेवर हरकत घेतल्याचे ते माझ्या अनुभवातले एकमेव उदाहरण होय.

नातवाने अपील करण्याचा इरादा जाहीर केला. तहसीलीवरचे अपील प्रांताकडे, म्हणजे त्याच्या वडिलांकडे. चिरंजीव रात्री साडेदहाला, मांडीवर कचेरीचा लॅपटॉप, कानांत यंत्र, अशा थाटात परदेशातल्या कोणाशी बोलत होते. त्यांनी हाताने 'नंतर' अशी खूण केली, म्हणजे प्रांतसाहेब सदैव देतात तीच तारीख दिली. मग प्रकरण कलेक्टरांकडे, म्हणजे सूनबाईंकडे गेले. त्यांनी माझी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, खंड, काजू, शिट्ट्या, डायनासोर, सर्व. आणि कोणाचेही म्हणणे न ऐकता संगणकाची पिन काढून, परवलीचा शब्द बदलून, मे अखेरपर्यंत तो सरकारजमा केला. "आबा," त्या अत्यंत आदराने म्हणाल्या, "तुम्ही आता थोडी विश्रांती घ्या."

घरात विलक्षण शांतता पसरली. नात पुन्हा कागदावर मोर काढू लागली. नातू खिडकीशी बसून त्या वहीच्या कोऱ्या पानांवर काहीबाही लिहीत राही.

दुर्दैव असे की त्याच महिन्यात गावाकडच्या पुतण्याचा फोन आला: उरलेल्या दीड एकराचा उतारा हवा आहे, तातडीने. आता १ मे २०१८ पासून सातबारा डिजिटल स्वाक्षरीचा, घरबसल्या संगणकावर मिळतो. ज्या कागदासाठी माझ्या टेबलाशी माणसे दिवस दिवस ताटकळत, तो दिवाणखान्यातल्या त्या पेटीत होता, आणि पेटी सरकारजमा होती. माझा मोबाइल केवळ बोलण्याच्या कामाचा. सूनबाईंना तोंडी विचारण्याचे धैर्य होईना. शेवटी मी खिडकीशी गेलो आणि नातवास म्हटले, "बाळा, एक अर्ज लिहायचा आहे."

त्याने वहीतले एक पान नीट फाडले, डावीकडे समास सोडला, आणि मी चकार शब्द न सांगता लिहू लागला. मायना बिनचूक होता. विषय एका ओळीत होता. 'सबब विनंती की' जेथे यावयास हवे तेथेच आले होते. सहीच्या जागेवर बोट ठेवून त्याने कागद माझ्याकडे सरकविला तेव्हा चष्मा पुसून मी शेवटची ओळ वाचली: 'अर्जदार संगणकाच्या कामी अज्ञान असल्याने, अज्ञान पालनकर्ता म्हणून सोबत नातू राहील. मुदत पाऊण तास.'

मी सही केली.