लफंग्याला मत द्या

१९९१ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात मोटारींच्या पाठीवर एक स्टिकर झळकत होतं : 'लफंग्याला मत द्या. निकडीचं आहे.' मजकूर विरोधकांचा असेल असं वाटतं ना? छे! ही विनवणी लफंग्याच्याच बाजूनं होती. समोर उभा होता डेव्हिड ड्यूक, कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा माजी म्होरक्या. त्यापेक्षा आपला ओळखीचा लबाड परवडला, असं लोकांनी ठरवलं आणि एडविन एडवर्ड्ससाहेब ६१ टक्के मतं घेऊन चौथ्यांदा गव्हर्नर झाले.

साहेब मुळात वकील. जन्म १९२७ चा, मार्क्सव्हिलजवळचा. वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्यानं राबायचे, आई सुईण. वकिली थाटली क्राउली या भाताच्या गावी. अशिलाशी फ्रेंचमध्ये जिव्हाळा, कोर्टाशी इंग्रजीत युक्तिवाद. दोन भाषांत गोड बोलता येणारा वकील राजकारणात न गेला तरच नवल.

विनोद हे त्यांचं खरं वकीलपत्र. १९८३ मध्ये गव्हर्नर ट्रीन यांच्याविरुद्ध उभे असताना म्हणाले, हा माणूस इतका संथ की 'सिक्स्टी मिनिट्स' हा कार्यक्रम बघायला त्याला दीड तास लागतो. ड्यूकबद्दल म्हणाले, आमच्यात साम्य एकच, चादरीखाली दोघंही जादूगार. (क्लॅनवाले पांढरी चादर पांघरत आणि त्यांच्या पुढाऱ्याला 'जादूगार' म्हणत. साहेबांच्या चादरीची ख्याती वेगळी होती.) हसणाऱ्या माणसाला संतापता येत नाही, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

पण नुसत्या विनोदावर चार निवडणुका निघत नाहीत. पहिल्या खेपेला त्यांनी राज्याला नवी घटना दिली आणि तेलावरचा कर पिंपामागे ठरावीक न ठेवता किमतीच्या टक्केवारीत आणला. नेमके त्याच सुमारास तेलाचे भाव भडकले. तिजोरी ओसंडली, रस्ते झाले, इस्पितळं झाली. साहेबांनी थोडं चाखलं असेल, पण ताट आपलंही भरलंय, असा लोकांचा हिशेब. पुढे भाव कोसळले तेव्हा मात्र तोच माणूस लोकांना खुपू लागला, आणि १९८७ मध्ये त्यांनी त्याला घरी बसवलं.

१९८३ च्या प्रचाराचं कर्ज फेडायला साहेबांनी सुमारे ६०० समर्थकांना माणशी दहा हजार डॉलर घेऊन पॅरिसची सहल घडवली. वर्गणीदाराला पावती मिळते, इथे आयफेल टॉवर मिळाला!

मग खटले. इस्पितळांच्या परवानग्या विकल्याच्या आरोपावरून १९८५ मध्ये खटला उभा राहिला. जुगाराची देणी सुटकेसभर रोख रकमेनं चुकवल्याचंही कोर्टात निघालं. पहिल्या खेपेला ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्या खेपेला निर्दोष. त्यातली एक गोष्ट अजून सांगतात : ज्यूरीतल्या काहींनी हॉटेलातून निघताना तिथले टॉवेल लांबवले. साहेब म्हणाले, माझा न्याय माझ्या बरोबरीच्या माणसांनीच केला.

शेवटी नदीतल्या तरंगत्या कॅसिनोंनी घात केला. परवान्यासाठी साहेबांना चार लाख डॉलर मोजले, अशी साक्ष एका फुटबॉल संघाच्या मालकानंच दिली. २००० मध्ये सतरा आरोप सिद्ध झाले, शिक्षा दहा वर्षांची. साहेबांनी एक चिनी म्हण ऐकवली : नदीकाठी पुरेसं बसलं की शत्रूचं प्रेत वाहत येतं. सरकार बसून राहिलं, आणि हा मी आलो वाहत. आणखी एक मौज : २००३ मध्ये ड्यूकही करचोरीसह फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. एक्क्याण्णवच्या मतदारानं दोघांपैकी कुणालाही निवडलं असतं, तरी माणूस शेवटी गजाआडच सापडला असता.

२०११ मध्ये साहेब सुटले, वय ८३. तुरुंगात पत्रं लिहिणाऱ्या, पन्नासेक वर्षांनी लहान बाईशी लग्न केलं. टीव्हीवर दोघांच्या संसाराचा कार्यक्रम झाला, ८५ व्या वर्षी मुलगाही झाला. आता गव्हर्नरपदाची वाट राज्याच्या कायद्यानं बंद होती. पण वॉशिंग्टनच्या काँग्रेसला तशी आडकाठी नाही, ही फट म्हाताऱ्या वकिलानं बरोबर हेरली. २०१४ मध्ये अर्ज भरला. दुसऱ्या फेरीत सपाटून आपटले, पण पहिल्या फेरीत डझनभर उमेदवारांत पहिला नंबर साहेबांचाच होता.