आधी उपयोगिता प्रमाणपत्र

प्रयोगशाळेतलं ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत न्यायचं म्हणून हल्ली पैसे मिळतात. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘बायरॅक’ संस्थेचं ‘बिग’ अनुदान घ्या: ५० लाखांपर्यंत, मुदत १८ महिने. तेवढ्यात यंत्राचा नमुना होतो, फीत कापली जाते, फोटोही निघतात. कर्नाटकातल्या खटकचिंचोळी गावाहून भालकी, भालकीहून बिदर हा रुग्णाचा प्रवास मात्र कुठल्याच प्रस्तावात बसत नाही.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९९५ साली ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी सुरू केली. गावातलीच थोडी शिकलेली बाई, वजनकाटा, श्वास मोजायचं साधं साधन. नवजात मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. ‘लॅन्सेट’नं १९९९ मध्ये छापलं, सरकारनं देशभर आशाताईंच्या हाती दिलं २०११ मध्ये. बारा वर्षं! त्यात ना चिप, ना ॲप, ना पेटंट. आजच्या समितीनं ‘यात नवीन काय?’ विचारून, चहा पाजून वाटेला लावलं असतं.

तेव्हा भालकी तालुक्यातल्या बाळांनी उगाच घाई करू नये. प्रस्ताव तीन प्रतींत, सारांश इंग्रजीत, आणि उपयोगिता प्रमाणपत्र जन्माआधीच जोडावं.