आबांचा रेटा

कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेत असा एक आबा सापडतोच. वय सत्तरीच्या आसपास, उमेदीची वर्षं उद्यमनगरात लेथवर गेलेली, त्याआधी तालमीत घाम गाळलेला, आणि आता दोन्ही हात रिकामे. हे हात कठडा दिसला की आपोआप पुढं जातात. लग्नाच्या हॉलचा जिना असो की दवाखान्याची गॅलरी, आबा आधी कठडा धरतात, एकदा आपल्याकडं ओढतात, एकदा पलीकडं रेटतात आणि मगच माणसांना रामराम घालतात. दवाखान्यात पेशंटची चौकशी त्याच्याही नंतर.

या जमातीला सुगी आली ती फार्महाउसांमुळं. पन्हाळ्याच्या पायथ्याला, आंब्याला, गगनबावड्याच्या वाटेवर ज्याला त्याला दरीकडं तोंड केलेला लाकडी डेक हवा आहे. पुतण्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या कुणाच्या तरी डेकचा फोटो पाहिलेला असतो. त्या फोटोत दोन खुर्च्या, दोन माणसं आणि एक कुत्रं. इथं तेवढ्याच डेकवर रविवारी तांबडा-पांढरा ओरपायला तीस पाव्हणे येतात, जेवून सगळे कठड्याला रेलतात, आणि कुणी ‘फोटो काढूया’ म्हटलं की तीसच्या तीस दरीच्या बाजूला सरकतात.

मेस्त्रीनं काम झकास केलेलं असतं. पॉलिश असं की भांग पाडून घ्यावा. सगळे ‘नाद खुळा’ म्हणत असताना आबा चहाचा कप खाली ठेवतात, वाकतात, आडवी दांडी खांबाला जिथं भिडते तिथं डोळा लावतात आणि त्यांना हवं ते सापडतं. टोकाशी तिरका मारलेला एकुलता एक स्क्रू.

“मेस्त्री, हे कशावर उभं हाय?”

“अस्सल सागवान हाय, आबा.”

“लाकूड न्हाई इचारलं. धरलंय कशानं?”

आबांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं, हीच सगळ्यांची पंचाईत. स्क्रू लाकडाच्या रेषांना आडवा गेला तर त्याचे आटे घट्ट रुततात. दांडीच्या टोकातून, रेषांच्याच दिशेनं शिरला तर आटे तंतू तोडत जातात आणि पकड लेचीपेची राहते. त्यात आपलं हवामान. लाकूड ओलाव्यानं फुगतं ते रुंदीत आणि जाडीत. लांबीत जवळजवळ नाहीच. गगनबावड्याकडं पावसाचे चार महिने ते फुगणार, एप्रिल-मेच्या उन्हात आकसणार. अशा चार-दोन फेऱ्यांत भोक सैल होतं, स्क्रू मात्र होता तेवढाच. साधा लोखंडी असेल तर गंजून सागवानावर काळे ओघळही सोडतो.

यावर आबांचा आवडता दाखला जुन्या वाड्यांचा. सज्जाच्या खांबाला भोक, दांडीला कूस, आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. खिळ्याचं नाव नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या हललं नाही. वाड्याच्या सज्जावर छप्पर होतं, एवढं मात्र ते सांगत नाहीत. उघड्या डेकवर त्याच भोकात पाणी मुरतं आणि सांधा आतून कुजतो, वरून कळतही नाही. पण आबांना मध्येच अडवून हे ऐकवायची छाती अजून कुणाची झालेली नाही.

तोडगा त्यांच्यातल्या जुन्या लेथवाल्याकडून येतो. स्टेनलेसचा बोल्ट, खांबातून आरपार, दोन्हीकडं वॉशर. आणि दांडी खांबाच्या आतल्या अंगाला लावायची. आतून माणूस रेलला की दांडी खांबावर दाबली जाते. तीच बाहेरून लावली की प्रत्येक पाव्हणा ती थोडीथोडी उचकटतो. दांडीच्या माथ्याला किंचित उतार, म्हणजे पाणी थांबत नाही. एवढं सांगून झालं की शेवटचा टोला ठरलेला. “बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा ह्याच गावात घडीवला. मूळचं मेस्त्रीच ते! आन् तुम्हास्नी कठडा थांबवता येईना?” बाबूरावांचा ‘सैरंध्री’ 1920 सालचा, त्याचा भुर्दंड शंभर वर्षांनी एका सुताराला बसतो.

चाचणी हा सोहळा निराळाच. आयएस 875 या भारतीय मानकाच्या 1987 च्या आवृत्तीतला दुसरा भाग घर सोडून इतर बाल्कन्यांच्या कठड्यासाठी मीटरमागे 0.75 किलोन्यूटन आडवा भार धरायला सांगतो. म्हणजे साधारण 75 किलोचा रेटा. आबांनी हे मानक पाहिलेलं नाही. त्यांच्याकडं धाकटा पुतण्या आहे, खासबागेत लढलेला, वजन शंभरीपार. त्याला कठड्याला खांदा लावून उभं करतात आणि म्हणतात, “दे रेटा.” मेस्त्री डोळे मिटून घेतो. वरची दांडी हलत नाही, आणि पैलवानाच्या चेहऱ्यावर कुस्ती मारल्याचं समाधान येतं. आबांचं लक्ष मात्र खाली, खांबाच्या पायाशी. मीटरभर उंचीवरचा रेटा तिथं पहारीनं धोंडा उचकटावा तसा काम करतो. खांब धरणाऱ्या वरच्या-खालच्या बोल्टांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या 75 किलोंची खाली साडेसातशे किलोंची ओढ होते. तिथं केसभर फट दिसली की आबा खूश. फट नाही दिसली की दिवस फुकट.

दगडाच्या वाटेला ते जात नाहीत. रंकाळ्याच्या कठड्यावर संध्याकाळी निमूट बसतात, पन्हाळ्याच्या सज्जा कोठीत फक्त हवा खातात. लाकूड आणि लोखंड मिळतं तिथंच त्यांचा हात शिवशिवतो.

दिवाळीच्या आधी, पाऊस पुरता ओसरला की आबा खिशात पाना घालून कुणाच्याही फार्महाउसवर हजर होतात आणि सगळे बोल्ट पाव आटा आवळून येतात. आमंत्रणाची वाट बघत नाहीत. मटणाची मात्र बघतात.

टिंबर मार्केटपर्यंत ही कीर्ती पोचली आहे. डेकचं काम घेऊन गेलं की मेस्त्री माप लिहितो, भाव लिहितो, कागद पुढं सरकवतो, आणि हात तसाच कागदावर ठेवून विचारतो, “पाव्हणं, घरात कोण म्हातारं माणूस?”

“आबा हायत की आमचं.”

मेस्त्री कागद परत ओढून घेतो आणि बोल्टचा आकडा दुप्पट करतो.