नवतपा, दुपट्टा आणि निर्जन किनारा

कपडे ऐच्छिक असलेल्या समुद्रकिनाऱ्याची पहिली खूण अशी, की तिथे गाडी लावायला जागा नसते. पार्किंग आले की भेळवाला येतो, भेळवाल्यामागून सहकुटुंब सहली येतात आणि ऐच्छिक विषय पुन्हा सक्तीचा होतो. त्यामुळे असे किनारे खडकांच्या पलीकडे, पायवाट संपते तिथे आढळतात.

या प्रथेचा महाराष्ट्रातील इतिहास समुद्रापासून दूर सुरू होतो. ठाण्याचे जिल्हा न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी १८९१ मध्ये निर्वस्त्र राहणाऱ्यांचा एक संघ काढला. अशा प्रकारचा तो जगातील पहिला ज्ञात संघ मानला जातो. सभासद तीन, बैठकीची जागा माथेरान. चष्मा आणि कवळी चालेल, अंगठी चालणार नाही, असा नियम होता. पुढे न्यायाधीशांची बदली रत्नागिरीला झाली. समुद्र मिळाला, पण संघ मोडला. १८९४ मध्ये ते वारले. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढून नग्नतेची भीती घालवण्याचा उद्योग पुढे चालवला. गोव्यात १९६०च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी आले आणि हणजुणे, वागातोर, हरमल येथे ही प्रथा काही काळ रुळली. गर्दी वाढली तशी ती खडकांआड सरकत गेली.

कायद्याची मान्यता असलेला असा एकही किनारा भारतात नाही. सार्वजनिक जागी इतरांना उपद्रव होईल असे अश्लील कृत्य करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उपद्रव व्हायला कोणीतरी हजर असावे लागते. त्यामुळे किनाऱ्याचे निर्जनपण कवीपेक्षा वकिलाच्या अधिक कामाचे. २०२० मध्ये मिलिंद सोमण यांनी पंचावन्नाव्या वाढदिवशी गोव्याच्या किनाऱ्यावर निर्वस्त्र धावतानाचे छायाचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला होता. प्रस्तुत लेखक त्याच पिढीचा आहे. त्याचे तसे छायाचित्र निघाल्यास अश्लीलतेचा आरोप टिकवणे सरकारी वकिलाला जड जाईल, असे घरच्यांचे मत आहे.

नागपूरजवळच्या वाडीहून अशा किनाऱ्यावर जाणाऱ्याचा विचार करताना त्याचा मूळ पोशाख ध्यानात घ्यावा लागतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नवतपा लागतो. पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळतो. जगात इतरत्र उकाडा वाढला की कपडे कमी होतात, वाडीत वाढतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायमोजे, खिशात कांदा आणि या सर्वांवर दुपट्टा. दुपट्टा बांधणे ही स्वतंत्र विद्या आहे. तो आधी भिजवून पिळावा. मग डोक्यावरून घ्यावा, कान झाकावेत, एक टोक नाकावरून फिरवून मागे खोचावे आणि उरलेल्या फटीवर गॉगल चढवावा. गाठ सैल राहिली तर दत्तवाडी चौकापर्यंत तोंड उघडे पडते. फार आवळली तर फोनवर बोललेले आपले आपल्यालाही कळत नाही. नीट बांधलेल्या दुपट्ट्यात ट्रकमालक, बँकेचा साहेब आणि विमा एजंट यांत फरक उरत नाही. उधारी मागणारा आणि बुडवणारा एकाच पंपावर शेजारी उभे राहून पेट्रोल भरतात. प्रस्तुत लेखकाचे टक्कल आणि दुहेरी हनुवटी या दिवसांत झाकलेली असल्याने त्याचे व्यक्तिमत्त्व मे महिन्यात सर्वांत भारदस्त दिसते. जूनमध्ये पाऊस आला की ते ओसरते.

अमरावती रोडवर दुचाकीवरून जाणाऱ्या मुलींचे स्कार्फ मात्र पाऊस आला तरी सुटत नाहीत. थंडी पडली तरी काहींचे तसेच असतात. ऊन हे निमित्त आहे. रोखून पाहणाऱ्या नजरा बारमाही असतात. गोव्यातही चित्र वेगळे नाही. परदेशी बायकांना पाहायला येणारे पुरुष स्वतः पूर्ण कपड्यांत असतात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि हातात मोबाइल. त्यांच्यासोबत सहलीला आलेली बाई साडीनिशीच लाटेत बसते. ओली साडी अंगाला चिकटते आणि पदर सावरण्यात तिची अर्धी लाट वाया जाते. तिला कपडे काढायचे नसतात. तिला घटकाभर कोणी पाहू नये, एवढेच हवे असते, आणि तेवढेही तिला मिळत नाही. घट्ट बांधलेला स्कार्फ आणि ओसाड किनारा या दृष्टीने एकाच कामाचे आहेत.

पुरुष प्रवाशाच्या अडचणी हलक्या असतात. पहिली खिशाची: मोबाइल, किल्ल्या, खर्ऱ्याची पुडी आणि कांदा कुठे ठेवावा, याचे उत्तर निसर्गवादाने दिलेले नाही. दुसरी पोटाची. किनाऱ्यावर कोणी नसले तरी पोट आत ओढले जाते. दूरवर दिसणारी होडी रिकामी आहे याची खात्री पटल्यावरच ते मूळ जागी येते. तिसरी रंगाची. चेहरा, मान आणि मनगटापुढचे हात नागपुरी उन्हाचे, बाकी देह शर्टाच्या आकाराचा पांढरा. त्यामुळे सगळे उतरवूनही शर्ट घातल्यासारखेच दिसते.

कपडे उतरवण्याचा क्रम साधारण ठरलेला आहे: गॉगल, चपला, घड्याळ, शर्ट. बहुतेक वाडीकर येथे थांबतात, दोन्ही बाजूंना पाहतात आणि वारा फार आहे असे म्हणतात. प्रस्तुत लेखक त्यापुढे गेला की नाही, याला साक्षीदार नाही. कलम २९६ च्या दृष्टीने तेवढे पुरे.