आबा, संचलन झालंच नाही!

पॅरिस, २८ जुलै २०२४

ती. आबा व ती. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही इकडं खुशाल आहोत, फक्त घरातल्या सगळ्यांना सर्दी झाली आहे. सर्दी आंतरराष्ट्रीय आहे. शुक्रवारी ऑलिंपिकचं उद्घाटन सेन नदीच्या काठावर भर पावसात उभं राहून पाहिलं.

आबा, तुमचा पहिला प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय, 'संचलन कसं होतं?' संचलन झालंच नाही. नोकरीभर तुम्ही २६ जानेवारीला पोरांकडून 'एक-दो-एक' घोटून घेतलं, नजर चुकली तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. इथं दोनशेवर देशांचे खेळाडू ८५ बोटींतून हात हलवत, मोबाईलवर स्वतःचेच फोटो काढत सहा किलोमीटर गेले. उन्हाळी ऑलिंपिकचं उद्घाटन स्टेडियमबाहेर होण्याची ही पहिलीच वेळ म्हणे. पीटीच्या मास्तरांवर असली वेळ कधी आली नव्हती.

खाली नदीलगत बसायचं तिकीट ९० युरोपासून २७०० युरोपर्यंत. वरच्या काठावर उभं राहायला फुकट, पण आमंत्रण लागतं. हिच्या ऑफिसातून ते मिळालं. फुकटचे पैसे मेट्रोनं वसूल केले. २ युरो १५ सेंटचं तिकीट खेळांपुरतं ४ युरो केलंय. यात्रेत तुळजापूरला नारळ महागतो, ती विद्या या लोकांनी कुठं शिकली कुणास ठाऊक.

साडेसातला सुरुवात झाली. पाऊस वाढला, छत्र्या उघडल्या आणि आमचा कार्यक्रम तिथंच संपला. पुढचं सगळं खांद्यावर बसलेल्या धाकटीनं लांबच्या पडद्याकडं बघून सांगितलं. 'बाबा, तोंड झाकलेला एक माणूस मशाल घेऊन छपरावरून पळतोय. बाबा, मुंडकं हातात धरून राणी खिडकीत गातेय.' मला वाटलं पोरीला ताप भरला. घरी येऊन पाहिलं तर दोन्ही खरं! ज्या इमारतीत राणी मारी आंत्वानेतला १७९३ साली गिलोटिनआधी कोंडलं होतं, तिच्याच खिडक्यांत हा प्रकार. आपल्याकडं एखाद्या राणीची अशी आठवण काढली असती तर दुसऱ्या दिवशी जिल्हा बंद.

फ्रेंच अक्षरक्रमानं आपली बोट आली. पी. व्ही. सिंधू आणि शरथ कमल तिरंगा घेऊन पुढं. आई, बायकांना साड्या होत्या, भिजलेल्या. हिचं मत असं, की एवढ्या मोठ्या कार्याला जरा बरी साडी काढायची असते. थोरला 'साबळे, साबळे' म्हणून ओरडत होता. अविनाश साबळे बीडच्या आष्टी तालुक्यातला, म्हणजे शेजारचाच, म्हणजे आपलाच. त्याला शोधेस्तोवर बोट पुलाखाली गेली.

आबा, आता जरा बसून घ्या. ऑलिंपिकचा ध्वज उलटा चढवला. सगळ्या जगासमोर! शिवाय दक्षिण कोरियाची बोट आली तेव्हा निवेदनात नाव उत्तर कोरियाचं. तुम्ही आदल्या संध्याकाळी स्तंभाची दोरी आणि ध्वजाची गाठ पुन्हा पुन्हा तपासायचा. इथल्या संयोजकांनी तुमच्याकडं शिकवणी लावायला हरकत नव्हती.

ज्योतीपाशी मात्र मानलं. मारी-जोझे पेरेक आणि टेडी रिनर या दोघांनी ती पेटवली आणि अख्खं ज्योतपात्र मोठ्या फुग्याखाली आभाळात चढलं. आई, तू विचारशील, वर तेल कोण घालतं? तेल नाही, जाळही नाही. पाण्याचं धुकं आणि त्यावर विजेचा उजेड. त्यानंतर आजारपणानं काही वर्षं मंचापासून लांब राहिलेली सेलीन दियों आयफेल टॉवरवरून गायली. शेजारच्या आजीबाई रडायला लागल्या, हिनं साथ दिली.

माझी तक्रार एकच. यंदा ब्रेकडान्स हा ऑलिंपिकचा खेळ आहे, खरंच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवली, ती अजून बाहेर. सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवून देणारा आपल्या धाराशिवचा खो-खोही बाहेर. डोक्यावर गरगर फिरलं तर पदक, आणि खांबाला वळसा घालून निसटणाऱ्या पोरीला काही नाही! २०३६ चं ऑलिंपिक आपला देश मागतोय म्हणतात. मिळालं तर उद्घाटन नळदुर्गला बोरी नदीत घ्यावं, नर-मादी धबधबा पाठीमागं. बोटी तरंगतील एवढं पाणी त्या साली असेल का, हे आधी देवीला विचारून घ्यावं लागेल.

साबळेची स्टीपलचेस ५ ऑगस्टला आहे, तुमच्याकडं रात्री साडेदहाच्या सुमारास. जेवण लवकर उरका, गल्लीतल्या पोरांनाही बोलवा.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
बाळू