बॅगेचं हळदीकुंकू नको

मँचेस्टर

ती. सौ. आईंना,

इथून पाठवलेली बॅग रत्नागिरीला सुखरूप पोहोचली हे कळलं, आणि ‘ही धुवायची कशी आणि जपून कुठे ठेवायची’ हा तुमचा प्रश्नही कळला. धुण्याच्या बाबतीत सुनेने सासूला चार शब्द सांगायचे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणं. पण मध्ये सात हजार किलोमीटर आहेत, त्या बळावर सांगते. अशी बॅग मळल्याने जात नाही. ती धुतल्याने जाते, आणि त्याहून जास्त जपून ठेवल्याने जाते.

बाहेरचं कापड नायलॉनचं आहे आणि आतलं अस्तर पॉलिएस्टरचं. नायलॉन अमेरिकेत १९३५ साली ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्सने केलं. पॉलिएस्टरचं टेरिलीन मात्र आमच्या शेजारचंच म्हणायचं. इथून जवळ अॅक्रिंग्टनला व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी ते १९४१ साली शोधलं, तेही एका कापडछपाईच्या कंपनीत नोकरी करताना. टेरिलीनच्या पँटी माणसांच्या आधी हार मानत नसत हे तुमच्या पिढीला सांगायला नको. त्याचं एक कारण असं, की सुती कापड हवेतूनच वजनाच्या सात-आठ टक्के पाणी ओढून घेतं, नायलॉन चारेक टक्के आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे चहाचा थेंब, चिखलाचा शिंतोडा वरच बसून राहतो आणि ओल्या फडक्याने निघतो. या कापडाची एक दुबळी जागा आहे, ती म्हणजे तेल. पाण्याला दारात उभं न करणारं हे कापड तेलाला मात्र पाट मांडून बसवतं. म्हणून मूठ बसते तिथे बंदाजवळचं कापड आधी काळवंडतं, कारण तिथे हाताचा घाम आणि वेणी घातलेल्या हाताचं खोबरेल रोज लागतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, त्यात पिळलेलं मऊ फडकं, आणि शिवणीत जुना टूथब्रश. मग नुसत्या पाण्याचं फडकं दोनदा. सहा महिन्यांतून एकदा एवढं पुरतं.

आता तुम्ही म्हणाल, कापड एवढं काटक आहे तर मशीनमध्ये टाकायला काय हरकत आहे? हरकत कापडाची नाहीच. शर्ट म्हणजे नुसतं कापड, पण बॅग म्हणजे एकत्र कुटुंब. कापडाच्या आतून पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा पातळ लेप आहे, तळाला पुठ्ठा, कोपऱ्यांत गोंद, वर चेन आणि चामड्याचे बंद. ड्रमच्या पिळ्यात लेपाचे पोपडे सुटतात, पुठ्ठा फुगतो, चामडं वाळून खडखडतं. घरातल्या काटक माणसाला सोसेल ते पाणी आपण सगळ्यांच्या अंगावर ओतत नाही; नाजूक कोण आहे ते बघून विसण घालतो. इस्त्रीचं तर नावच नको. सुतीसाठी तापवलेली इस्त्री जवळपास दोनशे अंशांवर जाते आणि बॅगांचं बरंचसं नायलॉन सव्वादोनशेच्या अलीकडेच वितळतं. मधलं अंतर फार भरवशाचं नाही.

खरा पेच हळदीचा आहे. मराठी बॅगेत कधी ना कधी लोणच्याची बाटली झिरपतेच, आणि हळदीतलं पिवळं द्रव्य तेलात विरघळून धाग्यात शिरतं. त्यावर धुण्याची वडी घासली की डाग लाल होतो. वडी अल्कधर्मी असते आणि हळद चुन्याला जशी लाल होते तशीच तिलाही होते. घरगुती कुंकू याच गुणावर होत असे. म्हणजे डाग काढायला जावं आणि बॅगेचं हळदीकुंकू व्हावं. त्याऐवजी आधी भांड्यांच्या लिक्विडने तेल काढा, मग डागाची बाजू सकाळच्या उन्हात तासभर धरा. उन्हाने हळद उडते. पण ‘मग दिवसभर गच्चीवर ठेवते’ असं म्हणू नका. आपल्या गच्चीवरच्या नायलॉनच्या दोरीकडे बघा: दोन उन्हाळ्यांत ती खरखरीत होते, हाताला पांढरा भुगा लागतो आणि एक दिवस ओल्या चादरीसकट खाली येते. तेच ऊन, तोच धागा. तेव्हा उन्हाचं औषध तासाच्या मापाने. वाळवायची ती सावलीत, चेन उघडी टाकून.

राहिलं कपाट. ‘चांगली वस्तू लग्नाकार्याला’ हा तुमचा नियम पैठणीला लागू आहे, हिला नाही. आतल्या लेपाचा वैरी दमट हवा आहे. ओलाव्याने तो हळूहळू फुटतो, चिकट होतो. माळ्यावर वर्षानुवर्षं जपलेले बूट पायात घालताच त्यांचे तळवे खडूसारखे का भुगा होतात? बहुतेकदा तेही पॉलियुरेथेनच असतं. कोकणातल्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून बॅग ठेवणं म्हणजे ओलावा कोंडून त्याला राखण बसवण्यासारखं आहे. वापरातल्या बॅगेलाही लेपाचं वय चुकत नाही हे मान्य. पण तिला वारा मिळतो, आणि तिने निदान आयुष्यात काही बघितलेलं असतं. ठेवायचीच झाली तर जुन्या सुती साडीत गुंडाळा, पोटात एखादा पंचा कोंबा म्हणजे घड्या पडणार नाहीत.

तेव्हा उद्या बाजारात हीच घेऊन जा. कोथिंबीर ओली असेल तर मात्र वेगळ्या पिशवीत.

तुमची,
सूनबाई

ता. क. डांबरगोळ्या घातल्या असतील तर काढा. कसर लोकरीला, रेशमाला लागते. नायलॉनला ती विचारतसुद्धा नाही.