घरासकट जंगलात

महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पलंग, शेगडी, संडास, सगळं चाकांवर; घरासकट डोंगरात जायचं. वसईकरांना यात नवल ते काय? मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वर्सोवा पुलाच्या कोंडीत सापडलेला माणूस गाडीतच जेवतो, डुलकी काढतो, मुलांचा अभ्यासही घेतो. फक्त त्याला कुणी पर्यटक म्हणत नाही, एवढंच.

समजा, त्यातून सुटून स्वारी तुंगारेश्वर फाट्याला पोहोचलीच. पुढे 2003 साली जाहीर झालेलं, सुमारे 85 चौरस किलोमीटरचं अभयारण्य. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा शेजार. बिबट्या आहे, पण लाजरा. पावसाळ्यात ओढ्याकाठी आवाज असतो तो स्पीकरचा, आणि खडकांवर ठसे असतात ते वेफर्सच्या पाकिटांचे. (तुंगारेश्वराच्या देवळातला महादेव सगळं पाहतो, त्याचा तिसरा डोळा अजून मिटलेला आहे हे आपलं नशीब.) आता म्हणे शांतता अनुभवायला सोबत फ्रिज आणि एसीही न्यायचा!

त्यापेक्षा गाडी पायथ्याशी ठेवा, स्पीकर घरी ठेवा, पायांनी चढा. आणि अंधार पडायच्या आत खाली उतरा. रात्रीचा मुक्काम तिथे बिबट्याचा असतो.